नववीच्या वर्गात वाचलेली चित्रकादंबरी : ‘भीमायन’

आठवी-नववीच्या मुलांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ठेवताना शिक्षकाची एक नेहमीची अडचण असते. मुलांना सगळे आधीच पाठ असते. महू, सातारा, कोलंबिया, चवदार तळे, घटना समिती, दीक्षाभूमी ही नावे जयंतीच्या भाषणांतून त्यांच्या कानांवरून इतक्या वेळा गेलेली असतात, की या नावांमागे तहानेने व्याकूळ झालेला मुलगा आणि राहायला जागा न मिळालेला तरुण होता, हे जाणवायचे राहूनच जाते. दिल्लीच्या ‘नवयान’ प्रकाशनाने २०११ साली काढलेली ‘भीमायन’ ही चित्रकादंबरी ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते. नववीच्या वर्गात ती वाचून घेतल्यानंतर, तिच्यातल्या काही उणिवा लक्षात घेऊनही, माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात ती असलीच पाहिजे असे माझे मत झाले आहे.

पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड या आदिवासी समाजातल्या चित्रकार दांपत्याची असून संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची आहे. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास लिहिलेले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन हा कथेचा मुख्य आधार. अस्पृश्यतेच्या शेजारी न राहिलेल्या परदेशी वाचकाला ती कळावी म्हणून त्यांनी त्यात स्वतःच्या आणि इतरांच्या आयुष्यातले निवडक प्रसंग सांगितले आहेत. चित्रकादंबरीत हे प्रसंग पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत येतात. शिपाई हजर नसेल तर शाळेत पाणी नाही हा साताऱ्याचा अनुभव, १९०१ साली मसूर स्टेशनावरून बैलगाडीने केलेला प्रवास, १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून झालेली हकालपट्टी, १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी दिलेला नकार आणि त्यापायी झालेला अपघात, १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्यावरून झालेला प्रकार, असा हा पट आहे. बडोदे सोडले तर जवळजवळ सगळी गावे आपल्याच नकाशावरची. माझ्या वर्गातल्या मुलांना हा सगळा अन्याय ‘कुठेतरी दूर’ घडल्यासारखा वाटत होता. तो आपल्या ओळखीच्या स्टेशनांवर आणि रस्त्यांवर घडला हे गावांची नावे वाचताना त्यांच्या ध्यानात आले.

चित्रांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या पुस्तकाचे खरे बळ तिथे आहे. ‘अमर चित्र कथा’ वाचत मोठे झालेल्या आपल्या पिढीला चित्रकथा म्हणजे चौकटींची रांग, एवढेच ठाऊक असते. व्याम दांपत्याने त्या चौकटी पूर्णपणे नाकारल्या आहेत. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिगना’ नावाच्या पारंपरिक नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागले जाते, आणि त्या पट्ट्यांमधून माणसे, झाडे, पाखरे आणि जनावरे एकमेकांत मिसळत राहतात. आगगाडी सापासारखी वळत जाते, किल्ला हिंस्र श्वापदाचे रूप घेतो. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याचे फवारे लोकांवर पडतात. चवदार तळ्याच्या लढ्याचा अर्थ त्या एका चित्रातून मुलांपर्यंत ज्या वेगाने पोहोचला, त्या वेगाने तो माझ्या कोणत्याही व्याख्यानातून पोहोचला नसता.

संवादांचे फुगेसुद्धा इथे अर्थ सांगतात. ज्यांचे बोलणे डंख मारणारे आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. ज्यांनी जातीचा जाच सोसला किंवा ज्यांचे बोलणे सौम्य आहे त्यांचा फुगा पाखराच्या आकाराचा असतो. आणि मनातला विचार दाखवणाऱ्या फुग्यात एक डोळा असतो. ही खूण मी वर्गात आधी सांगितली नाही. इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या एका मुलीनेच ती सर्वांत आधी शोधून काढली, आणि मग प्रत्येक पानावर कोणाच्या बोलण्याला नांगी आहे हे शोधण्यासाठी वर्गात अहमहमिका लागली. वाचनात मागे असलेल्या मुलाला वर्गात पुढे येऊन बोलण्याची संधी देणारी पुस्तके फार थोडी असतात. भाषेचा अडसर असूनही चित्राच्या आधाराने मजकुराचा अंदाज बांधणे, तो पुढच्या पानावर पडताळून पाहणे आणि चुकला तर सुधारणे ही वाचनाची मूळ प्रक्रिया इथे मुलांकडून आपोआप घडते. चित्रकादंबरी म्हणजे वाचन टाळण्याची पळवाट, असा जो आक्षेप पालकसभांमध्ये हमखास येतो, त्याला यापेक्षा चांगले उत्तर मला देता येणार नाही.

मसूरच्या प्रसंगावर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. वडिलांकडे निघालेली, नवे कपडे घातलेली मुले स्टेशनावर उतरतात. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान यायला तयार होत नाहीत. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर कबूल होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, अशा अटीवर. एका मुलाने विचारले, “सर, त्याने पैसे तर घेतले, मग गाडीत का नाही बसला?” या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, वर्गालाच शोधायला सांगितले. पैसा विटाळत नाही आणि माणूस विटाळतो, या व्यवहारातला सगळा खोटेपणा मुलांनी स्वतःच्या शब्दांत मांडला. शिदोरी जवळ असूनही पाण्यावाचून उपाशी राहिलेल्या मुलांची ती रात्र वाचताना वर्गात कोणीही चुळबूळ केली नाही.

आता उणिवांविषयी. आजच्या काळात बसथांब्यावर भेटलेल्या दोन व्यक्तींच्या संभाषणात ही कथा गुंफली आहे. आरक्षणामुळे आपली संधी गेली अशी तक्रार करणाऱ्या तरुणाला एक स्त्री बाबासाहेबांचे आयुष्य उलगडून सांगते. कल्पना योग्य आहे, परंतु हे संवाद पुष्कळदा पाठ देण्यासाठी लिहिल्यासारखे वाटतात, आणि मुख्य प्रसंगांमध्ये जी सहजता आहे ती इथे नाही. वर्गाच्या दृष्टीने याहून गंभीर बाब अशी, की आरक्षणाचा विषय निघाला की काही मुलांच्या नजरा विशिष्ट बाकांकडे वळतात. शिक्षकाने याची तयारी आधीच ठेवावी. कोणत्याही विद्यार्थ्याला ‘तुझ्या घरी असे काही घडले आहे का’ असे कधीही विचारू नये. एखादा आपण होऊन बोलला तर ऐकावे, पण कोणाचे दुःख हे वर्गाचे शैक्षणिक साधन होता कामा नये. याच संवादांत २००६ साली खैरलांजीत झालेल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडाचाही उल्लेख येतो. नववी आणि त्यापुढच्या मुलांना तो कळू शकतो. त्याहून लहान मुलांबरोबर वाचायचे असेल तर तेवढी पाने शिक्षकाने आधी स्वतः वाचून निर्णय घ्यावा.

इतिहासाची बाजूही शिक्षकाला भरून काढावी लागते. २० मार्च १९२७ चा महाडचा दिवस चित्रांत प्रभावी उतरला आहे, पण सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला १९२३ चा बोले ठराव आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने घेतलेला निर्णय मुलांना सांगितल्याशिवाय, कागदावर मिळालेला हक्क प्रत्यक्षात का मिळाला नव्हता, हा सत्याग्रहाचा गाभा त्यांच्या हाती लागत नाही. माझ्या अनुभवात, आधी चित्रांतला प्रसंग पाहायचा आणि मग त्याच प्रसंगाचे बाबासाहेबांचे मूळ कथन मराठीत सांगायचे किंवा वाचून दाखवायचे, हा क्रम सर्वांत फलदायी ठरला. बाबासाहेबांचे कथन अत्यंत संयत आहे; चित्रांनी मन जागे केल्यावर त्या संयमामागची वेदना मुलांना ऐकू येते. उलट क्रमाने गेल्यास चित्रे नुसती सजावट होऊन बसतात.

मी वापरली ती इंग्रजी आवृत्ती होती. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तिच्यातले इंग्रजी काही ठिकाणी जड आहे, त्यामुळे प्रत्येक तासाला मोजकीच पाने घ्यावीत आणि कठीण शब्द फळ्यावर आधी लिहून ठेवावेत. पुस्तकाचा आकार मोठा आहे आणि पाने शंभराहून थोडी अधिक. चित्रांतले बारकावे हातात घेऊनच पाहावे लागतात. भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवलेल्या पानावर नक्षीच्या रेषा पुसट होतात आणि मुले मागे टेकून बसतात, असे मी पाहिले. शाळेने घ्यायचे असेल तर एकच प्रत काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा चार-पाच मुलांच्या गटाला एक, या हिशेबाने प्रती घ्याव्यात आणि चित्रकलेच्या शिक्षकांनाही सुरुवातीपासून बरोबर घ्यावे. दिगनाची नक्षी मुलांना स्वतः काढून पाहायची असते, आणि ते मार्गदर्शन भाषेच्या शिक्षकाला जमण्यासारखे नाही.