चालायचा परवाना, शिफ्ट सकाळची

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर पायी फिरायचं तर माणशी ६,२०० रुपयांचा परवाना लागतो, असं धरमपेठेतल्या एका टूरवाल्याने सांगितलं आणि आम्ही तिघांनी तो काढला. मी, बायको आणि मेहुणा. मेहुणा तर बँकेतला!

हसा खुशाल, पण का फसलो तेही ऐका. नागपूरच्या माणसाला पेंच-ताडोबाची सवय. गेट कुठलं, शिफ्ट सकाळची की दुपारची, ओळखपत्र कोणतं, हे ठरल्याशिवाय आपली जिप्सी आत सुटत नाही. त्यामुळे परवाना म्हटलं की शंका यायच्या ऐवजी आपल्याला हायसंच वाटतं. त्या पोराने नेमकं हेच हेरलं. "दादा, लोक असेच जातात अन् तिथं दंड भरतात. तुमचं सगळं इथूनच क्लिअर करून देतो."

बेत एप्रिलचा होता. इथे पारा ४३ वर जायच्या आत पळायचं आणि तिथली मिजेस नावाची चावरी चिलटं मे अखेरीस निघायच्या आत फिरून यायचं. इनव्हर्नेसहून निघून इनव्हर्नेसलाच परत, साधारण ८३० किलोमीटर. या वाटेला 'नॉर्थ कोस्ट ५००' म्हणतात. हे नाव पर्यटनासाठी २०१५ मध्ये दिलं गेलं. रस्ते आधीपासूनचे, सर्वांसाठी खुले, टोलसुद्धा नाही. आमच्या हातात मात्र ८,५०० रुपयांचा 'रूट पास' होता.

पहिला धक्का इनव्हर्नेसला, गाडीच्या काउंटरवर. नऊ दिवसांचे पैसे घेतले होते, बुकिंग चारच दिवसांचं निघालं. 'फुल इन्शुरन्स'चे ३२,००० घेतले होते, त्याचा पत्ताच नाही. उरलेल्या पाच दिवसांचे ४१,००० तिथेच भरले. 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणून मला आणि मेहुण्याला साडेसात-साडेसात हजारांना दिलेली प्लास्टिकची कार्डं बाईंनी उलटीसुलटी करून बाजूला ठेवली आणि आमची आरटीओची साधी लायसन्सं मागितली. ब्रिटनमध्ये पाहुणा आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर बारा महिने कार चालवू शकतो. इतर देशांसाठी लागणारा खरा परमिट आपल्याकडे आरटीओच देतं, हजार रुपयांत, वर्षभरासाठी, आणि ती कागदी पुस्तिका असते. हे मला परत आल्यावर कळलं.

फोन केला तर "सर्व्हरचा इश्यू आहे दादा, संध्याकाळपर्यंत करतो." ती संध्याकाळ अजून व्हायची आहे.

तरी चालण्याच्या परवान्यावर आमचा विश्वास टिकून होता, हे सांगायला आजही लाज वाटते. या वाटेवरच्या सँडवूड बे या किनाऱ्याला गाडी जात नाही. ती ब्लेअरमोरला ठेवून साडेसहा किलोमीटर चालायचं, तेवढंच परत. आम्ही केशरी फितीतली तिन्ही कार्डं गळ्यात घातली आणि गेटवरचा माणूस शोधू लागलो. गेट होतं, मेंढ्यांसाठी. माणूस नव्हता. शेवटी कुत्रा घेऊन चाललेल्या एका आजोबांना बायकोने कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही बाजू वाचल्या. मग मीही पहिल्यांदाच नीट वाचलं: 'सँडवूड फॉरेस्ट. गेट : ब्लेअरमोर. शिफ्ट : मॉर्निंग.' खाली वाघाच्या पंजाचा फिकट ठसा. समोर नजर जाईल तिथवर दलदलीची तपकिरी माती, झुडपं आणि तळी. फॉरेस्ट म्हणावं असं एक झाड नाही.

आजोबा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कुणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालायचा हक्क आहे, फक्त जबाबदारीने वागा, आणि आता कोकरं जन्मायचे दिवस आहेत, तेव्हा मेंढ्यांपासून लांबून जा. कार्ड परत देताना त्यांनी फीत नीट गुंडाळून दिली.

किनारा अप्रतिम होता. समुद्रातला तो एकटा सुळका, गुलाबी वाळू, भन्नाट वारा. पण अर्धा रस्ता मी मनातल्या मनात बेरीज करत चाललो: १,१५,१०० रुपये.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथे पहिला प्रश्न पैसे कुणाच्या खात्यात गेले हा. पाहिलं तर यूपीआयवर दुकानाचं नावच नाही, कुणा बाईचं वैयक्तिक खातं. जीएसटीचं बिल मागायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. 'पेड' असा शिक्का मारलेली चिठ्ठी बघूनच खूश झालो होतो. गाडीच्या कंपनीला एक मेल टाकला असता तर बुकिंग किती दिवसांचं आहे तेही घरबसल्या कळलं असतं.

माझ्या कार्डाची झेरॉक्स मी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली. आठवड्याभरात निरोप आला: वीस हजार परत देतो, तेवढा कागद काढा. कागद तिथेच आहे. टूरवाल्याच्या दुकानावर मात्र परवा नवा फ्लेक्स दिसला, त्यावर लडाख, आणि खाली बारीक अक्षरांत 'सर्व परमिटसह'.