वारसा कायद्याचा रविवारचा क्लास: मृत्युपत्रासाठी जा, ट्रस्टसाठी नको

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. पुण्यातला आहे, फक्त रविवारी भरतो. मी दिवसा बँकेत आणि उरलेल्या वेळात एलएलबीला. खातेदार गेला की नॉमिनी आणि बाकीची भावंडं माझ्याच काउंटरसमोर भांडतात, म्हणून हा विषय नुसता सुटण्यापुरता करायचा नव्हता.

सर पहिल्याच तासाला नावं खोडलेल्या एका मृत्युपत्राची झेरॉक्स वाटतात आणि विचारतात, "हे टिकेल का?" दोन साक्षीदार, दोघांच्या सह्यांखाली वेगवेगळ्या तारखा. आम्ही सगळ्यांनी एकसुरात "नाही" म्हटलं. मग भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 चं कलम 63 मोठ्याने वाचायला लावलं. दोघं एकाच वेळी हजर हवेत असं त्यात कुठेच नाही! प्रत्येकाने टेस्टेटरला (मृत्युपत्र करणाऱ्याला) सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझी सही" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि टेस्टेटरच्या समोर स्वतः सही केलेली असावी. बस्स.

साक्षीदारालाच विलमध्ये काही दिलं असेल तर? माझ्या गाइडमध्ये कलम 67 खाली ती देणगी सरसकट रद्द. सरांनी तिसरं परिशिष्ट उघडायला सांगितलं. हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू होणाऱ्या कलमांच्या यादीत 67 नाहीच. मात्र अशी विल संशयाच्या भोवऱ्यात सापडू शकते, आणि तिथून गाडी सर्वोच्च न्यायालयाच्या 1959 च्या वेंकटचल अय्यंगार निकालावर गेली. ज्याने पुढाकार घेऊन विल करवली त्यालाच घबाड मिळत असेल, तर संशय दूर करायची जबाबदारी त्याचीच. यावर आमच्यातल्याच एकाला साक्षीदार करून उलटतपासणी घ्यायला लावली. बिचाऱ्याला घाम फुटला. पैसे इथेच वसूल झाले.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या शक्ती येझदानी निकालातून शिकवलं. काउंटरवर लॅमिनेट करून लावावं म्हणतो.

आता उणं. ट्रस्ट शेवटच्या अर्ध्या तासात उरकले. खासगीला 1882 चा कायदा, सार्वजनिकला आपला महाराष्ट्राचा 1950 चा, धर्मादाय आयुक्त, जय महाराष्ट्र. एका गोव्याच्या मुलीने तिथलं विचारलं, तर "तुमचं वेगळं असतं" एवढंच. अहो, वेगळं आहे म्हणूनच विचारतेय ना ती! तिथे मुलं असताना निम्म्या इस्टेटीचीच विल करता येते, आणि त्यासाठी 2012 चा स्वतंत्र कायदा आहे. दहा मिनिटांचं काम होतं.

नोट्स जुन्या आहेत. साक्षीदार कोर्टात तपासण्यासाठी अजून पुरावा कायद्याचं कलम 68 छापलंय. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं 67 लागतं, ते पेनाने दुरुस्त करून घ्या. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक) स्वतःचा न्या, तिथे मागून मिळत नाही. आणि खिडकीकडची बाकं लवकर जाऊन पकडा, मागे सरांचा आवाज पोचत नाही.