प्रवासातून घरी भेटवस्तू पाठवणं : काही महिन्यांच्या वापरानंतर आंतरराष्ट्रीय टपालाचा अनुभव

कामामुळे गेले बरेच महिने माझं एका देशातून दुसऱ्या देशात फिरणं चालू आहे. बॅगेत जागा उरत नाही, म्हणून घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तू तिथल्याच टपाल कार्यालयातून पाठवायला लागले. साधं विमान टपाल, रजिस्टर्ड, मोठं पार्सल, ईएमएस (टपाल खात्याचीच जलद सेवा), समुद्रमार्गे जाणारं टपाल आणि अधूनमधून खासगी कुरियर असं सगळं वापरून झालं आहे. मत आधीच सांगते: टपाल भरवशाचं आहे. ज्या अडचणी आल्या त्या बहुतेक एकाच कारणाने आल्या. पार्सल वाटेत असतं तेव्हा आपण तो देश सोडलेला असतो, आणि टपालाची सगळी व्यवस्था मात्र पाठवणारा त्याच्या पत्त्यावर सापडेल असं धरून चालते.

भाच्यासाठी घेतलेल्या दिव्यांच्या खेळण्याचं जे झालं त्यातून हे नीट कळेल. खेळण्यात चार्ज होणारी लिथियम बॅटरी होती. पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच देशातला हवा, असं काउंटरवर सांगितलं गेलं, म्हणून हॉटेलचा पत्ता लिहिला गेला. विमानात चढवण्याआधीच्या तपासणीत बॅटरी दिसली, पार्सल अडलं आणि नियमाप्रमाणे 'पाठवणाऱ्याकडे' परत गेलं, म्हणजे हॉटेलात. तोवर मी दोन देश पुढे आले होते. हॉटेलने ते घेतलं नाही. खेळणं कोणालाच मिळालं नाही, आणि 'कधी येणार?' हा भाच्याचा प्रश्न कितीतरी दिवस फोनवर ऐकावा लागला. सुट्या लिथियम बॅटऱ्या आंतरराष्ट्रीय टपालात चालतच नाहीत. उपकरणात बसवलेल्या चालतात, पण मर्यादित संख्येत आणि ज्या टपाल खात्यांनी तशी मुभा दिली आहे त्यांच्याकडूनच. त्यामुळे 'आत बॅटरी आहे, चालेल का?' हे पैसे भरायच्या आधी विचारायला हवं. अत्तरांचंही तसंच. त्यात अल्कोहोल असेल तर तो ज्वलनशील द्रव ठरतो आणि बाटली कितीही छोटी असली तरी जात नाही.

पार्सलाच्या फॉर्मवर एक छोटा रकाना असतो: पोचलं नाही तर काय करायचं, परत पाठवायचं की सोडून द्यायचं? घाईत कोणी तो वाचत नाही. प्रवाशासाठी मात्र तो फार महत्त्वाचा आहे, कारण परत पाठवण्याचा खर्च पाठवणाऱ्याकडून घेतला जाऊ शकतो. ज्या देशात पाठवणाऱ्याच्या रकान्यात ओळखीच्या कोणाचा तरी कायमचा पत्ता देता येतो तिथे आता तोच देते, त्यांना आधी विचारून. तशी सोय नसेल आणि वस्तू फार मोलाची नसेल, तर 'सोडून द्या' यावर खूण करते. मोलाची असेल तर टपालात टाकतच नाही, सोबत नेते.

फोन नंबरचाही असाच प्रश्न. तात्पुरतं सिम प्रवास संपला की बंद होतं, आणि कस्टम्सला काही विचारायचं असेल तर निरोप त्या बंद नंबरवर जातो. मावशीचं एक पार्सल यामुळेच बरेच दिवस नुसतं पडून होतं. तिच्या देशातलं कस्टम्स वस्तूच्या किमतीचा पुरावा मागत होतं आणि ते कोणाला माहीतच नव्हतं. तेव्हापासून घेणाऱ्याचा चालू नंबर फॉर्मवर असतोच, शिवाय बिलाची एक प्रत खोक्याच्या आत आणि एकेक फोटो दोघींच्या फोनमध्ये. अचानक पाठवून चकित करायचा बेत त्यात बारगळतो, याचं वाईट वाटतं. पण मावशीला पार्सल येणार हे माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

आता कस्टम्सचा फॉर्म. बहुतेकांना तो सोपस्कार वाटतो, पण माझ्या मते पार्सल वेळेत पोचेल की नाही हे तिथेच ठरतं. छोट्या पाकिटांना सीएन २२ लागतो, जास्त किमतीच्या वस्तूंना आणि पार्सलांना सीएन २३. १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या टपालाची ही माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात आधीच पुढच्या देशाला पाठवणं बंधनकारक आहे. म्हणजे खोका विमानात चढण्याआधी आपण लिहिलेले शब्द तिकडे वाचले जातात. 'गिफ्ट' किंवा 'स्मरणवस्तू' एवढंच लिहिलं तर त्यातून कोणालाच काही कळत नाही. 'सुती टेबलक्लॉथ, १ नग, हातमाग' असं लिहिलेली माझी पाकिटं सरळ गेली. 'भेट' या चौकोनात खूण केली की शुल्क माफ, हा समजही चुकीचा आहे. भेटीसाठी सूट द्यायची का आणि किती किमतीपर्यंत, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. कमी किंमत लिहायचा सल्ला दुकानदार हमखास देतात, तो ऐकू नये. तो खोटा जबाब ठरतो, आणि वस्तू फुटली तर भरपाईही त्या कमी आकड्याच्या पुढे जात नाही.

शुल्क भरावं लागतं ते घेणाऱ्याला. आत्याच्या दारात पोस्टमन उभा राहिला आणि तिच्याकडे पैसे मागितले गेले, तेव्हा तिने काही न बोलता ते भरले, पण मला फार संकोच वाटला. आता 'कदाचित तिथे थोडे पैसे द्यावे लागतील, ते मी पाठवते' हे आधीच फोनवर सांगून ठेवते.

ट्रॅकिंगबद्दल घरच्यांची सगळ्यात जास्त काळजी असते, म्हणून तो नंबर कसा वाचायचा ते सांगते. तो १३ खुणांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग आठ अंक, एक तपासणी अंक आणि शेवटी जिथून पाठवलं त्या देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'सी' असेल तर पार्सल, 'ई' असेल तर ईएमएस. 'यू' असेल तर तो मुख्यतः कस्टम्सच्या नोंदीसाठी दिलेला नंबर असतो, वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची नोंद त्यावर मिळण्याची हमी नसते. आई असा 'यू'चा नंबर रोज सकाळी तपासत होती आणि काहीच हलत नाही म्हणून खचून गेली होती, पाकीट मात्र एके दिवशी व्यवस्थित दारात आलं. रजिस्टर्डमध्येही देश सोडल्यापासून दुसऱ्या देशात नोंद होईपर्यंत मोठी शांतता असते. त्या काळात काही बिघडलं आहे असं समजू नये.

फुटाफुटीबद्दल माझं मत ठाम आहे. दुकानात बांधून देतात ते हातात धरून नेण्यासाठी असतं, टपालासाठी नसतं. बहिणीसाठी घेतलेली चिनी मातीची किटली दुकानाने छान कागदात, छान डब्यात दिली होती आणि तरी तिची तोटी तुटून पोचली. खोके पट्ट्यावरून घसरतात, पडतात, एकमेकांवर रचले जातात. 'नाजूक' हा लाल कागद मशीनला वाचता येत नाही. दोन थरांचा जाड पुठ्ठ्याचा खोका, वस्तूच्या सगळ्या बाजूंनी साधारण पाच सेंटिमीटर भरण, पोकळ वस्तूच्या आतही भरण, आणि बंद केल्यावर हलवून पाहिलं तर आत काहीच सरकता कामा नये. किटलीला हेच हवं होतं. टपाल समुद्रमार्गे जाणार असेल तर कापड आणि कागद आधी प्लास्टिकमध्ये सीलबंद करावेत, कारण महिनोन्‌महिने कंटेनरमध्ये दमट हवा लागते.

फुटल्यावर मात्र खरा त्रास सुरू होतो. चौकशीचा अर्ज साधारणपणे पाठवणाऱ्याने, आणि तोही जिथून पाठवलं त्या देशाच्या टपाल खात्याकडे करायचा असतो. मुदत टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने. म्हणून मूळ पावती जपा. घरच्यांनाही सांगून ठेवा की खोका, भरण, तुकडे काहीही फेकायचं नाही, फोटो काढायचे आणि लगेच जवळच्या टपाल कार्यालयात दाखवायचं. किटलीच्या वेळी बहिणीने खोका जपून ठेवला होता, त्यामुळे नुकसान सिद्ध करता आलं. अर्ज मी ईमेलने केला, भरपाई मिळाली, पण खूप वेळ लागला.

शंख आणि पोवळ्यांबद्दल थोडक्यात: दुकानाचं बिल पुरेसं नसतं. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या, १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात कठीण पोवळी आणि काही मोठे शिंपले येतात, परवाना नसेल तर ते जप्त होतात. लाकडी वस्तू लाकडाच्या पेटीत घालून पाठवायची असेल तर त्या पेटीवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा, शिक्का आहे का ते पाहा. तो नसेल तर पेटीमुळे वस्तूही अडकू शकते. पुठ्ठ्याचा खोका वापरला की पेटीचा प्रश्न उरत नाही.

कुरियर वेगवान आहे, माग स्पष्ट लागतो, आणि तातडीच्या कागदांना मी तेच वापरीन. भेटवस्तूंसाठी नाही. तिथे वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा तो आकडा जास्त आला तर त्याचे पैसे लावतात. ४० × ३० × ३० च्या खोक्यातला हलका कागदी दिवा असा ७.२ किलोचा होतो. शिवाय कस्टम्सचं शुल्क कुरियरने आधी भरून दिल्याबद्दल घेणाऱ्याकडून वेगळा आकार मागितला जातो.

सध्या माझी पद्धत अशी आहे: दोन किलोच्या आतलं, न फुटणारं, कापड-कागद-धातूचं काही असेल तर रजिस्टर्ड पाकीट. जड पण टिकाऊ असेल आणि घाई नसेल तर समुद्रमार्गे. काच किंवा माती असेल तर विम्यासह पार्सल, आणि ते देश सोडायच्या आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी, म्हणजे तिथेच काही अडलं तर मी अजून त्या पत्त्यावर असते.