ॲप स्टोअर: सोयीचे दुकान, दार मात्र एकच

ॲपलच्या ॲप स्टोअरची समीक्षा सहसा सोय, सुरक्षितता आणि ३० टक्क्यांपर्यंत जाणारे कमिशन या अंगांनी होते. सत्तेला विरोध करणाऱ्या नागरिकाला हे दुकान कितपत साथ देते, हे क्वचितच तपासले जाते.

सुरक्षिततेबद्दल माझी तक्रार नाही. येथे प्रत्येक ॲप तपासणीनंतरच विक्रीला येते आणि मोबाइलवर बँकेचे व्यवहार करणाऱ्या ज्येष्ठांना मी आयफोन निःसंकोच सुचवीन. मात्र युरोपीय संघासारखे मोजके अपवाद वगळता आयफोनधारकाला ॲप घेण्यासाठी दुसरे दुकानच नाही. त्यामुळे एखादे ॲप सरकारला खुपू लागले, तर ते वापरणाऱ्या हजारोंचा पाठलाग करावा लागत नाही. एका कंपनीला गाठले की काम भागते.

हाँगकाँगमध्ये २०१९ साली सरकारविरोधी आंदोलन चालू असताना हेच घडले. पोलीस कोठे उभे आहेत आणि अश्रुधूर कोठे सोडला आहे, हे लोकांनीच कळवलेल्या माहितीवरून नकाशावर दाखवणारे ‘एचकेमॅप लाइव्ह’ हे ॲप कंपनीने आधी नाकारले, ऑक्टोबरच्या आरंभी स्वीकारले आणि चिनी कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र ‘पीपल्स डेली’ने टीका करताच काही दिवसांत हटवले. पोलिसांवर दबा धरून हल्ले करण्यासाठी त्याचा वापर होतो, असे कारण देण्यात आले. आता २०२५चा ऑक्टोबर पाहा. स्थलांतरितांची धरपकड करणारे अधिकारी कोठे दिसले, हे कळवणारे ‘आइसब्लॉक’ अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांच्या मागणीनंतर निघाले आणि कारण जवळजवळ तेच होते: अधिकाऱ्यांच्या जिवाला धोका. चीनमध्ये ‘स्थानिक कायदा पाळावा लागतो’ असे तरी म्हणता येते. येथे न्यायालयाचा आदेशही नव्हता, होती ती केवळ मागणी.

रशियाच्या बाबतीत मी कंपनीला थोडी सवलत देतो. सत्ताधारी पक्षाला हरवू शकेल असा उमेदवार मतदारसंघानुसार सुचवणारे विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचे ॲप १७ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे दूमाच्या (रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) तीन दिवस चालणाऱ्या मतदानाच्या पहिल्याच दिवशी, ॲपल आणि गूगल या दोघांच्याही दुकानांतून नाहीसे झाले; परंतु त्यामागे तेथील कर्मचाऱ्यांवर फौजदारी कारवाईची धमकी होती. अँड्रॉइडवर निदान फाइल थेट उतरवून ॲप बसवता येते. आयफोनवर तीही वाट बंद.

पारदर्शकतेत हे दुकान अर्धवट उत्तीर्ण होते. सरकारांच्या मागणीवरून २०२२ मध्ये १,४७४ ॲप काढल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले. त्यांपैकी १,४३५ चीनच्या आणि १४ भारताच्या मागणीवरून होती. आकडे मिळाले, पण ती ॲप कोणती, याची यादी नाही. ग्राहकाला दुव्यावर दिसते ते ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ एवढेच. कोणी काढायला लावले, हे तेथे लिहिलेले नसते.

व्यवहारासाठी पाचपैकी चार तारे, नागरिकासाठी दीड. हाँगकाँगचे ॲप गेल्यावरही त्याच नकाशाचे संकेतस्थळ चालू राहिले होते. आंदोलनासाठी साधन बनवणाऱ्यांनी म्हणून आधी ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती तयार करावी आणि या दुकानाकडे त्यानंतर वळावे.