पुळणीलगतची जागा की सड्यावरची? कोकणात घर बांधू पाहणाऱ्या सोलापूरकरासाठी

रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापुरावरूनच जातो, त्यामुळे कोकणात जागा बघून आलेले लोक हल्ली वरचेवर भेटतात. प्रश्न ठरलेला: पुळणीलगत, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागून घ्यावी, की सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, कड्याजवळ? समुद्र दोन्हीकडून दिसतो. जमीन कशी जाते, ते मात्र दोन्हीकडे फार वेगळं आहे.

पुळण दरवर्षी मागेपुढे होते. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, नंतरच्या शांत लाटा ती परत आणून टाकतात. आपण जातो मे महिन्याच्या सुट्टीत, किनारा भरलेला असताना, आणि भुलतो. जागा बघावी ती ऑगस्टमध्ये, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला. शिवाय गूगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रं मिळतात. एकाच ऋतूतली चार-पाच काढा आणि झुडपांची कड किती सरकली ते मोजा. वर्षाला अर्धा मीटर सरकत असेल तर 50 वर्षांत 25 मीटर गेले. एखाद्या वादळात एका रात्रीत जाईल ते निराळंच. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 या काळाच्या अभ्यासात महाराष्ट्राचा साधारण पाव किनारा झिजणारा निघाला. पण तुम्हाला राज्याशी काय करायचंय, तुमच्या शंभर मीटरचं बघा.

सड्यावर हे मोजमाप फसवतं. वर कठीण जांभा दगड, खाली बऱ्याचदा मऊ मातकट थर. लाटा आणि झिरपलेलं पाणी खालून पोखरतात, वरचा थर तसाच लोंबत राहतो आणि एखाद्या पावसात ढासळतो. वीस वर्षांच्या छायाचित्रांत कड जागची हललेली दिसणार नाही. म्हणून ओहोटीला कड्याखाली उतरून ताजे पडलेले धोंडे बघा, वर कडेला समांतर भेगा शोधा. शोषखड्डा कड्याच्या अंगाला अजिबात नको.

बांधकामही त्याप्रमाणे. पुळणीवर हलकं, खांबांवर उचललेलं, नटबोल्ट सोडून आत हलवता येईल असं घर. अमेरिकेत केप हॅटरासचं विटांचं दीपगृह 1999 मध्ये अख्खंच्या अख्खं सुमारे 880 मीटर आत सरकवलं. आपल्या खिशाला सुटं होणारं घरच बरं. समोर दगडी बंधारा घालू म्हणाल, तर लाट त्यावर आपटून पायथ्याची वाळू नेते आणि बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची जागा खाते. सड्यावर, कडेपासून चांगलं मागे, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाचं जड घर चालतं. छप्पर उतरतंच हवं, माळवदाची सवय इथे उपयोगाची नाही. आपला मिस्त्री नेणार असाल तर त्याला आधीच बजावा: घरातल्या स्लॅबला सळीवर 20 मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचा थर) सोडतो तेवढं तिथे पुरत नाही. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक किनारी हवेत किमान 45 सांगतं, लाटांचे तुषार येत असतील तर 50.

आणि सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे सरकारी निर्बंध. 2019च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र आहे. पुळणीलगतच्या बऱ्याच ‘स्वस्त’ जागा इथेच बाद होतात.

माझं मत सड्याला. पुळणीवरच्या घराला पावसाळ्यात तिथे राहून लक्ष ठेवणारा माणूस लागतो, आणि आपण नेमके तेव्हा सोलापुरात बसून ढगांची वाट बघत असतो. तिथे भावकीतलं कुणी बारमाही राहत असेल आणि जागा 200 मीटरच्या बाहेर असेल, तर मात्र पुळणीचा विचार करा.