१८८१ च्या जनगणनेचा उतारा म्हणून आम्हाला विकलेला कागद

साडेअठरा हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण ऐंशी वर्षांच्या तात्यांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं, ते आठवलं की अजून जीव तुटतो. आणखी कुणाच्या वडिलांवर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि ‘कोतवाल बुक’ हा शब्द घरोघरी पोचला. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावातल्या जन्ममृत्यूची वही. आमच्या भावकीतल्या दोन घरांच्या नोंदी त्यात सापडल्या. आमच्या पणजोबांची, म्हादबांची, मात्र कुठंच नाही. तात्यांना ते फार लागलं. “माझा आजा या गावात नव्हताच का रं?” असं रोज विचारायचे.

अशात कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक माणूस भेटला. म्हणाला, “तात्या, कोतवाल बुकातल्या नोंदींची यादी करणाऱ्यांनी मोडी चुकीची वाचलीय. तुमचा आजा त्यात अडकलाय.” हे त्याचं बोलणं पुढं खरं निघालं, आणि त्या खऱ्या बोलण्यानंच आम्ही फसलो. पुढं म्हणाला, “पण जनगणनेत घरटी नावं आहेत. १८८१ ची वही मुंबईत आहे, तिथं माझा माणूस आहे.” आधी पाच हजार शोधाचे घेतले. मग आठ हजार ‘दिल्लीच्या परवानगीचे’, शेवटी साडेपाच शिक्क्याचे. पावती एकाचीही नाही. तीन आठवड्यांनी लॅमिनेशन केलेला उतारा हातात आला. म्हादबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, घर क्रमांक, सगळं अगदी व्यवस्थित.

खोट कळली ती तहसीलच्या अभिलेख कक्षात. तिथल्या बाईंनी कागद पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘जिल्हा : सांगली’. १८८१ साली सांगली जिल्हा होता कुठं? वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. मी पदवीधर माणूस, रोज तो कागद बघत होतो, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकानं लक्षात ठेवावं. इंग्रजांच्या काळातल्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते बेरजा झाल्यावर ठेवलेच जात नसत. छापून आले ते गावा-तालुक्याचे आकडे. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लोकांनी जनगणनेत दिलेली माहिती कुणाला पाहता येत नाही, दिवाणी कामात पुरावा म्हणूनही चालत नाही. विलायतेत आजोबा-पणजोबा जनगणनेच्या कागदांत सापडतात, म्हणून आपल्याकडंही सापडतील असं लोकांना वाटतं. त्याच समजुतीवर हे लोक पैसे काढतात. मी तो उतारा दाखल्याच्या प्रकरणाला जोडून जात पडताळणी समितीकडं दिला असता, तर खोटा दस्तऐवज दिल्याबद्दल गुन्हा माझ्यावर दाखल झाला असता, त्याच्यावर नाही.

म्हादबा होते कुठं? त्याच कोतवाल बुकात. बाईंनी यादी बाजूला ठेवून मूळ पानच काढलं आणि मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना दाखवायला सांगितलं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आडनाव बहुतेक नसतंच, अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, एवढंच. गुरुजींनी भिंग लावून तास-दीड तास ते पान वाचलं. यादीत ‘दादू बिन सिदू’ होतं, ते निघालं ‘म्हादू बिन सिदू’. पहिलं जोडाक्षर वाळवीनं खाल्लेल्या कडेला होतं. नोंद त्यांच्या थोरल्या मुलाच्या जन्माची, म्हणजे तात्यांच्या चुलत्याची. आम्ही ‘महादेव’ आणि ‘म्हादबा’ शोधत बसलो होतो, कोतवालानं घरात हाक मारायचे तेच नाव लिहिलं होतं. गुरुजींनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

तुमच्याही घरातलं कुणी यादीत नसेल, तर आधी मूळ पानाचा फोटो मागा आणि मोडी जाणणाऱ्या दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्या. हाका मारायची नावं, बापाचं नाव, शेजारच्या घरांच्या नोंदी, सगळं ताडून बघा. नक्कल रीतसर अर्ज करून, पावती घेऊनच काढा.

पैशांपैकी आठ हजार मी फोनवरून पाठवले होते. त्याची तक्रार सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर केली आणि पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. त्या माणसाचा फोन बंद आहे, पैसे आलेले नाहीत. पुरावा म्हणून तो उतारा मागितला, तेव्हा तात्यांनी स्वतः देव्हाऱ्यातून काढून दिला. कोतवाल बुकाची नक्कल गेल्या महिन्यात मिळाली. ती त्यांनी उशाखाली ठेवलीय.