प्रयोगशाळेत झोपायचं की घरीच? झोप-मेंदूच्या अभ्यासात नाव देण्याआधी

साठीपुढच्यांची झोप आणि मेंदूचं आरोग्य यांवरच्या अभ्यासात स्वयंसेवक व्हायचं म्हटलं, की बहुधा दोन प्रकार समोर येतात. एकात रात्री प्रयोगशाळेत मुक्काम. दुसऱ्यात मनगटावर घड्याळासारखं यंत्र बांधून घरीच एक-दोन आठवडे नेहमीसारखं राहायचं.

घरचा प्रकार सोपा आहे, पण त्या यंत्राला मुख्यतः हालचालच कळते. डोळे मिटून, कुशीही न बदलता जागा पडलेला माणूस त्याच्या लेखी झोपलेलाच. म्हणून सोबत झोपेची नोंदवही देतात. ती रोज सकाळी प्रामाणिकपणे भरायची. अशा साध्या नोंदींना कमी लेखू नका. ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल-2 अभ्यासात सुमारे 8,000 जणांचा 25 वर्षं मागोवा घेतला गेला. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे डिमेन्शिया जास्त आढळला. झोपेचे तास त्यांनी मुख्यतः स्वतःच सांगितले होते. कमी झोपेमुळेच तो झाला, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

प्रयोगशाळेतली रात्र वेगळीच. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना तारा चिकटवतात. छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. या तारा टोचत नाहीत, पण जखडल्यासारखं वाटतं. लघवीला उठायचं तर तंत्रज्ञाला हाक मारायची, तो तारांची जोडणी सोडवून देतो. रात्री तीनदा उठावं लागणाऱ्याला याचा संकोच वाटणारच. तो आधीच बोलून टाकावा. पहिल्या रात्री परक्या जागी झोप अनेकदा बिघडते, म्हणून काही अभ्यासांत दुसरी रात्रही मागतात. पण गाढ झोपेतल्या मेंदूच्या संथ लहरी इथे थेट नोंदवल्या जातात, मनगटावरच्या यंत्राला त्या दिसत नाहीत. वयाबरोबर हीच झोप घटत जाते. 2013 साली उंदरांवरच्या प्रयोगात झोपेत मेंदूतल्या अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा) निचरा जास्त वेगाने होताना दिसला. तो तसाच होतो का, यावर आजही वाद आहे. तो मिटवायला अशा रात्री लागतात.

माझं मत विचाराल, तर घरी आजारी जोडीदार असेल किंवा परक्या जागेची धास्ती वाटत असेल, तर घरचाच अभ्यास निवडा. बाहेरगावी सहज झोप लागत असेल, तर प्रयोगशाळेत जरूर जा.

कुठेही गेलात तरी पुढच्या तपासण्या आधी विचारून घ्या. एमआरआय असेल तर पेसमेकर किंवा शरीरातला धातू सांगायलाच हवा. पेट स्कॅनमध्ये थोडा किरणोत्सर्ग असतो. पाठीच्या मणक्यातून पाणी काढल्यावर काहींचं डोकं दुखतं. झोपेत श्वास अडखळतो असं आढळलं, तर ते सांगतात का? अमायलॉइडचा निकाल सांगणार असतील, तर तो ऐकायची तुमची तयारी आहे का? याचा घरच्यांशी बसून विचार करा. झोपेची गोळी घेत असाल तर अभ्यासासाठी ती स्वतःहून बंद करू नका, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि संमतिपत्रावर सही केल्यावरही, कारण न देता, कधीही माघार घेता येते.